लोखंडापासून वीस पावलं

लग्नांचं शूटिंग करता करता एक गोष्ट मला फार लवकर कळली. अरुंधती कोणालाच दिसत नाही. आमच्या लातूरकडचे बरेचसे मुहूर्त भर दुपारचे. सप्तपदी झाली की गुरुजी नवरा-नवरीला मांडवाच्या कडेला नेतात, रणरणत्या आभाळाकडे बोट करतात आणि विचारतात, "दिसली का अरुंधती?" दोघं डोळे बारीक करून म्हणतात, "दिसली." लगेच पुढचा विधी. नवरा-बायकोने मिळून बोललेलं ते पहिलं खोटं. मी ते किती वेळा शूट केलं त्याची मोजदाद नाही. त्याने कोणाचं काही बिघडलेलं पाहिलं नाही. बिघडलं ते एकदाच, आणि ते माझ्या भाचीचं.

स्टुडिओ माझ्या नवऱ्याने काढला, तो कंटाळला, मी चालवते. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची मुलगी. कॉलेजसाठी हिमायतनगरहून माझ्याकडे लातूरला आली आणि राहिली. आम्ही ड्रोन घेतला तेव्हा शिकायला मी बसले होते, शिकली ती. माझे दोन्ही अंगठे एका वेळी दोन कामं करायला तयार नव्हते. तिने आठवड्यात तो हातात बसवला, गंजगोलाईच्या बाजारावरून फिरवूनही आणला. माझ्याकडे एकच काम राहिलं, ड्रोनचं होकायंत्र, म्हणजे कंपास, कॅलिब्रेट करण्याचं, कारण त्यात बोटांचं कसब लागत नाही, शिस्त लागते.

ते काम असं. नव्या गावात गेलं की ड्रोनला उत्तर दिशा पुन्हा दाखवून द्यावी लागते. तो आडवा दोन्ही हातांत धरायचा आणि स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायची. मग त्याचं नाक जमिनीकडे करायचं आणि पुन्हा एक गिरकी. हिरवा दिवा लागला की झालं. बघणारे हसतात. औशाला एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "बाई, त्याला नजर लागली का?" हसू द्यायचं. नियम एकच: आसपास लोखंड नको. गाडी, पत्रा, विहिरीवरची मोटार, सळयांचा स्लॅब, काही नको. हातातल्या बांगड्या, कमरेची किल्ली, खिशातला मोबाईल बाजूला. मी वीस पावलं मोजून मोकळ्या रानात जायची आणि मगच ड्रोन हातात घ्यायची. लोखंडाशेजारी कॅलिब्रेट केलेला ड्रोन पूर्वेला उत्तर समजतो आणि तशाच खात्रीने उडतो. हे मी भाचीला इतक्या वेळा ऐकवलं की ती माझी नक्कल करायची: "वीस पावलं मावशी, एकोणीस न्हाई."

तिचे डोळे कसे आहेत हेही ड्रोनमुळेच कळलं. निलंग्याजवळ एक वरात संध्याकाळी लांबली. अंधार पडत होता. ड्रोन खाली येत होता आणि भाची तो नेहमीसारखा हातात झेलायला पुढे झाली. ड्रोन तिच्या डावीकडे होता, हात उजवीकडे. मी ओरडले तेव्हा तिने हात फिरवला तो थेट पंख्यांत. तीन बोटं कापली. गाडीत मी तिची बोटं दाबून धरली होती आणि ती म्हणाली, "मावशी, मला अंधारात दिसत न्हाई. लहानपणापासून. दिवसा सगळं दिसतंय."

"मग आतापर्यंत कसं केलंस?"

"स्क्रीनवर दिसतंय की. स्क्रीन उजेडाची असती."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, आई-वडील नात्यातले का? आक्का आत्याच्याच घरात दिलेली, आमच्याकडे ते नेहमीचं. डॉक्टर म्हणाले, जन्माचा दोष आहे, औषध नाही. दिवसाची नजरही कडेकडेनं आकसत जाईल. किती वर्षांत, ते सांगता येत नाही.

मी रडले नाही. मी हिशेब केला. नजर आज दिवसा चांगली आहे, उद्या असेलच असं नाही. म्हणजे लग्न आज करायचं. आक्काला फोनवर एवढंच सांगितलं की पोरीला रात्रीचं थोडं कमी दिसतं, कोणापाशी बोलू नकोस. आक्का तेवढ्यावरच फोनवर हुंदके द्यायला लागली. मी म्हटलं, "रडायचं असेल तर फोन ठेव, मला स्थळं बघायची आहेत."

स्थळ नांदेडचं मिळालं. मुलगा पाटबंधारे खात्यात, वडील निवृत्त शिक्षक, थोरली बहीण लोह्याला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी. सगळं मी दिवसा बसवलं. बघण्याचा कार्यक्रम सकाळी अकराला, साखरपुडा नांदेडला दुपारी एकला. ते म्हणाले, संध्याकाळी गुरुद्वाऱ्याकडे फिरून येऊ, मी म्हटलं, पोरगी उन्हातून आली, डोकं दुखतंय. मुलगा पोरीला आवडला होता. तो बोलायचा कमी, पण तिने ड्रोनचं काही सांगितलं की नीट ऐकून घ्यायचा, मधे तोंड घालायचा नाही. एवढ्यावरच पोरी भाळतात.

एक दिवस ती स्टुडिओत माझ्यासमोर उभी राहिली. "मावशी, मी सांगते त्याला."

"काय?"

"डोळ्यांचं. तो समजून घेईल."

"तो घेईल. त्याची आई घेईल? त्याचा मामा घेईल? तुला काय वाटतं, तू लई देखणी आहेस म्हणून ते नांदेडहून आले?"

मी थांबले नाही. "सांग. जरूर सांग. मग आयुष्यभर आक्काच्या ओसरीवर बस भिंत चाचपत. मी ठेवून घेणार नाही." त्या दिवसापासून तिने त्याच्याशी माझ्यासमोर, स्पीकर चालू ठेवून बोलायचं असं ठरलं. ठरवलं मीच. चार मिनिटं झाली की मी घड्याळाकडे बघायची. ती "जेवलास का," "हाव," "बरं" एवढंच बोलत राहिली.

मे महिन्याचा मुहूर्त धरला. मी दुपारचा मागितला होता. पंधरा दिवस आधी मुलाच्या बहिणीचा फोन आला. आवाज आनंदाचा होता.

"मावशी, आम्ही गोरज मुहूर्त धरायचं म्हणतोय. उन्हाचा त्रास न्हाई आणि दुसरं म्हणजे अरुंधती खरी दाखवता येईल. मे महिन्यात संध्याकाळी सप्तर्षी लई मस्त दिसतात. माझ्या शाळेतल्या पोरांना मी दरवर्षी दाखवते. नुसतं आभाळाकडं बोट करून दिसली म्हणायचं, हे मला पटत न्हाई."

मी म्हटलं, वा. दुसरं काय म्हणणार.

त्या रात्री मी आकाश दाखवणारी तीन ॲप फोनमध्ये घेतली. फोन आभाळाकडे धरला की कोणता तारा कुठे ते पडद्यावर उमटतं. पहिलं ॲप दर दोन मिनिटांनी वर्गणी मागत होतं. दुसऱ्यात ताऱ्यांवर परदेशी अस्वलं आणि साखळीत बांधलेल्या बायका काढलेल्या, अरुंधतीचा पत्ता नाही. तिसरं बरं निघालं. त्यात आपली नावं होती. मी गच्चीवर जाऊन ध्रुव ताऱ्यावर फोन धरला, तर ॲपचा ध्रुव खऱ्या ध्रुवापासून चांगला हातभर बाजूला. फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा, अशी सूचना आली. फिरवला, मग जागेवर आला. म्हणजे याच्याही पोटात तोच कंपास, ड्रोनसारखाच. हे मी तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

ॲपबद्दल माझं मत विचाराल तर सरळ सांगते. ज्याला आकाश दिसतं त्याला त्याचा उपयोग नाही. पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात, आणि मग दिसतात तेही तारे दिसत नाहीत. पण मला त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या वाटल्या. ते भर दिवसा, छपराखालूनही तारे दाखवतं. आणि त्यात वेळ पुढे सरकवता येते. दुपारी बारा वाजता उभं राहून, संध्याकाळी पावणेआठला अरुंधती कुठे असेल ते बघता येतं. भाचीला आकाश दिसत नव्हतं. तिला जागा पाठ करता येत होती. पाढे पाठ करतात तशी.

मी तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे न दिसता दाखवायचं?"

"सगळे तेच करतात," मी म्हटलं. ते खरंही होतं.

लग्न औसा रोडवरच्या एका लॉनवर होतं. मी तिथे आधी कधी काम केलेलं नव्हतं. सकाळी दहाला हळद झाली. बारा वाजता बायका जेवायला बसल्या तशी मी भाचीला हळदीच्या अंगाने उठवलं आणि स्टेजवर नेलं. स्टेज लोखंडी पाइपांचं, पाइपांवर पत्रे, पत्र्यांवर लाल गालिचा, चहूबाजूंनी लोखंडी खांब, वर कापडाचा मांडव. गुरुजींनी सांगितलं होतं की अरुंधती स्टेजच्या मागच्या कडेवरून दाखवू, पुढे रोषणाई असते.

भाची कडेला उभी राहिली आणि पाय आपटून बघितला. पत्रा वाजला.

"मावशी, हितं? खाली सगळं लोखंड हाय."

"मग?"

"वीस पावलं जाऊ की. त्या तिथं रानात."

"हळद लागली तुला. मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यात हे ऊन. तोंड काळं करून बोहल्यावर चढणार का?"

"पण कंपास..."

"ते ड्रोनचं. फोनचं वेगळं असतं," मी म्हटलं.

फोनचं वेगळं नसतं. गच्चीवर मी बघितलं होतं. पण हळद लागलेल्या पोरीला मांडवाबाहेर काढायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं भिनलेलं होतं की त्यापुढे कंपासचं काही चाललं नाही. आमच्या आईने आक्काला काढलं नव्हतं, मला काढलं नव्हतं. मी फोन हवेत आठसारखा फिरवला, वेळ पावणेआठवर नेली. अरुंधती लॉनमागच्या पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला आली. सूर्य बरोब्बर डोक्यावर होता. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी माणसाची सावली त्याच्या पायाखालीच असते, त्यामुळे दिशा कळायला तोही उपयोगाचा नव्हता.

"टाकीवर संध्याकाळी दिवा लागतो, तेवढा दिसेल ना तुला?"

"दिवा दिसंल."

"त्या दिव्याच्या उजवीकडे एक वीत. तिथून दोन मुठी वर. हात लांब करून. कर."

तिने केलं. मी तिला दहा वेळा करायला लावलं. एकदा हात खाली आला तेव्हा कोपरावर चापट मारली. हळदीचा डाग माझ्या बोटांना लागला.

"आणि गुरुजींनी विचारलं की आधी तू दाखवायचं. उशीर केला की संशय येतो."

"बरं."

"हसून."

"बरं मावशी."

साडेसहाला मी ड्रोन बाहेर काढला. त्या दिवशी तो मलाच उडवायचा होता, ती बोहल्यावर; सरळ वर नेऊन थांबवण्यापुरता मला येत होता. मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, फोन एका पोत्यावर ठेवला, मोजून वीस पावलं रानात गेले. आडवी गिरकी, उभी गिरकी, हिरवा दिवा. वर नेला तेव्हा सूर्य बुडत होता. पाण्याच्या टाकीला अगदी खेटून. फार सुंदर फ्रेम होती. मी ती दोन मिनिटं शूट केली. सूर्य जिथे मावळतो त्या अंगाला सप्तर्षी मे महिन्यात कसे दिसतील, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. मी फोकस बघत होते.

अक्षता पडल्या, सप्तपदी झाली. मुलाच्या बहिणीने उत्साहाने मागच्या बाजूचे सगळे दिवे बंद करायला लावले. "तारे दिसू द्या," ती म्हणाली. लोक मागे गोळा झाले. मी स्टेजच्या खाली रिमोट घेऊन उभी. ड्रोन वर, कॅमेरा सरळ खाली.

गुरुजींनी विचारलं, "दिसली का अरुंधती?"

भाचीने लगेच हात वर केला. दिव्याच्या उजवीकडे एक वीत, दोन मुठी वर. हसून. "दिसली. ती तिथं."

बहीण हसली. "अगं, तो दुसराच तारा, ब्रह्महृदय! नवऱ्याचं काळीज आत्तापासनंच शोधून राहिलीस का?" सगळे हसले. तिने भाचीचे खांदे धरून तिला चांगलंच वळवलं. "इकडं. ईशान्येला. हे सप्तर्षींचं बाजलं दिसलं? चार खूर, मागं तीन चोर?"

"हाव ताई, दिसलं."

"त्यातल्या मधल्या चोराला चिकटून. बोट कर बघू."

भाचीने बोट केलं. कुठेतरी वर. आता कोणी हसलं नाही.

"तारे किती दिसतात तुला?"

"सगळे दिसतात."

"किती?"

भाचीने हात खाली घेतला. बहीण शिक्षिका होती, प्रश्न सोडायची तिला सवय नव्हती. ती पायऱ्या उतरून खाली आली, दहा पावलं लांब उभी राहिली. "ये बरं माझ्याकडं. एकटी ये. कोणी धरू नका तिला."

मी म्हटलं, "शालू पायात येईल तिच्या, राहू द्या आता."

"मावशी, तुम्ही तुमचा ड्रोन बघा."

मी ड्रोन बघितला. पडद्यावर वरून दिसत होतं ते असं: गर्दीचे काळे ठिपके आणि मधे तो शालूचा पिवळा तुकडा कडेला सरकला, थांबला, पाय पुढे करून चाचपला, आणि पायरी जिथे नव्हती तिथे पडला. जनरेटरच्या वायरीवर. मुलगा उचलायला पुढे झाला. बहीण म्हणाली, "थांब जरा." त्याने हात पुढे केलेलाच होता. भाचीनेही केला, पण त्याच्या हातापासून वीतभर लांब, हवेत. तिथे तो तसाच राहिला. कोणीतरी म्हणालं, "अरे देवा, आंधळी हाय की." ते आक्काने ऐकलं.

वरात गेली. लग्न लागलेलं होतं, लोक जमलेले होते, त्यांनी तिला नेलं. मी पाठवणीचंही शूटिंग केलं.

नंतर दहा दिवसांनी ते आले. मुलगा, बहीण, वडील, मामा आणि भाची. आमच्या घरात बसले. नांदेडच्या डॉक्टरांचा रिपोर्ट मामांनी टीपॉयवर ठेवला. मी ठरवून ठेवलेलं बोलले: पोरीचा दिवसभर उपास होता, चक्कर आली, घाबरली. रात्रीचं थोडं कमी दिसतं, तसं पुष्कळांना असतं.

मामा म्हणाले, "ते शूटिंग लावा. वरनं घेतलेलं."

"ते झालंच नाही. अंधार होता, मी बंद केलं होतं."

भाची कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. आल्यापासून पहिल्यांदा बोलली. "हाय मावशी. कार्डात असंल. तू कधी काही डिलीट करत न्हाईस."

मी उठून टीव्हीला लावलं. ड्रोनला आवाज टिपता येत नाही. चित्र दाणेदार होतं, पण समजत होतं. मुलाचं डोकं, गुरुजींचं, सगळ्या पाहुण्यांची डोकी एका बाजूला वळलेली, आणि त्यात एक हात उलट्या बाजूला लांब केलेला. मामा म्हणाले, "थांबवा तिथं." मी थांबवलं. पुढचं सगळं बोलणं त्या चित्रासमोर झालं.

मुलाने एकच विचारलं, तेही तिला. "त्या वेळेला माझा चेहरा तरी दिसत होता का तुला?"

"न्हाई. आवाजावरनं कळत होतं कुठं हायस ते."

मामा म्हणाले, "घ्या."

बहिणीचे डोळे लाल होते. ती मला म्हणाली, "सांगितलं असतं तर, मावशी? दिवसाचा मुहूर्त धरला असता आम्ही."

"सांगितलं असतं तर चहा पिऊन उठला असता तुम्ही."

"उठलोही असतो कदाचित. पण मग ती तुमच्या घरात आधी होती तशी राहिली असती. अशी परत आली नसती."

म्हणायला काय जातं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं की तिचं आणि माझं, दोन्ही खरं असू शकतं. ते उठले. मुलगा दारात थांबला, काही म्हणेल असं वाटलं, मामांनी खालून हाक मारली. ड्रायव्हर तिची बॅग वर घेऊन आला आणि दाराच्या आत ठेवून गेला. भाची पायऱ्यांपर्यंत गेली नाही. दुपार होती, तिला पायऱ्या दिसत होत्या.

पुढचं, लग्न मोडायचं, कोर्टाने केलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

तिला आक्काकडे जायचं होतं, पण आक्काने सांगितलं, काही महिने येऊ नको, लोक विचारतात. म्हणून ती माझ्याकडे राहिली. मी ठेवून घेणार नाही म्हणाले होते, ते तिने मला एकदाही ऐकवलं नाही. ती पुन्हा स्टुडिओत बसू लागली. फरक एवढाच की आता गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य तेच: "मी साडेपाचच्या पुढं उडवत न्हाई. मला अंधारात दिसत न्हाई." सरळ, मोठ्याने, मी काउंटरवर असताना. काही लोक जातात, बहुतेक थांबतात. प्रत्येक वेळी मी पावतीपुस्तकात मान घालते.

गेल्या पावसाळ्यानंतर औशाकडे एका शेतकऱ्याला त्याच्या सोयाबीनच्या रानाचं वरून चित्र हवं होतं. पाणी कुठे साचतं ते बघायला. भाचीने त्यालाही तेच सांगितलं.

"रातआंधळी हायस का पोरी?" त्याने विचारलं.

"हाव काका."

"बरं. मग दोनलाच सुरू करू." आणि तो बांध दाखवायला पुढे चालू लागला. संपलं. इतकंच होतं ते. मी बॅग उचलून त्या दोघांच्या मागून चालत राहिले.

रानात मधोमध जाऊन तिने ड्रोन खोक्यातून काढला. आता कॅलिब्रेट तीच करते, ते काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. मी सवयीने तिच्याजवळ उभी राहिले.

"मावशी, लांब हो."

मी दहा पावलं मागे झाले.

"बांगड्या?"

मी त्या काढून बॅगेत टाकल्या. किल्ली टाकली. फोन टाकला. बॅग बांधावर ठेवून आले आणि वीस पावलांवर उभी राहिले. माझ्या अंगावर आता सुईसुद्धा नव्हती. ती ड्रोन आडवा धरून उभी होती, गिरकी घेत नव्हती. दिवसाउजेडी तिला मी स्वच्छ दिसत होते.

"अजून," ती म्हणाली.

मी मागे चालत गेले. सोयाबीन काढून झालेलं होतं, धसकटं चपलेतून पायाला टोचत होती. तिसाव्या पावलाला थांबून वळून बघितलं. तिने मान हलवली आणि हाताने खूण केली: अजून. मी पुन्हा चालू लागले.